बोलण्याच्या स्पर्धा



शाळेच्या सूचनाफलकावर तुम्ही कधी ना कधी असा कागद पाहिला असेल : 'आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा. इच्छुक विद्यार्थ्यांनी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत.' नांदेड, लातूर, उदगीर, कंधार, औसा, देगलूर अशा गावांतील शाळांना हा कागद नवा नाही. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. अशा दिवसांच्या निमित्ताने भाषणे होतात, स्पर्धा होतात, बक्षिसे दिली जातात.

स्पर्धा मराठीतून असली, की उर्दू माध्यमाच्या शाळेतील पुष्कळ मुलेमुली तो कागद वाचतात आणि पुढे निघून जातात. 'आपले मराठी चांगले नाही, लोक हसतील,' असे त्यांना वाटते. शिवाय बोलण्याची स्पर्धा म्हणजे मोठ्या आवाजात, हात उंचावून, पाठ केलेले भाषण म्हणून दाखवणे, एवढाच त्यांचा समज असतो.

हे दोन्ही समज तपासून पाहिले पाहिजेत. बोलण्याच्या स्पर्धांचे अनेक प्रकार आहेत. प्रत्येक प्रकार स्पर्धकाला एक वेगळा प्रश्न विचारतो. तो प्रश्न कोणता हे ओळखले, की आपण कोठे नाव द्यावे हे ठरवता येते. चला, एकेका प्रकाराची ओळख करून घेऊ.

पहिला प्रकार वक्तृत्वाचा. उर्दूत तुम्ही याला 'तक़रीर' म्हणता. विषय आधी कळवलेला असतो. तयारीला काही दिवस मिळतात. बोलायला साधारण पाच ते सात मिनिटे असतात. वेळ संपत आली, की इशाऱ्याची घंटा वाजते. वेळ ओलांडली, तर गुण कमी होतात. या स्पर्धेचा प्रश्न असा असतो : 'तुला स्वतःला काय सांगायचे आहे?'

महाराष्ट्रात जाहीर भाषणांची परंपरा जुनी आहे. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. म्हणजे लोकांना बोलायला उत्तेजन देणारी सभा. आपल्या मराठवाड्यातही मोठे वक्ते होऊन गेले. नरहर कुरुंदकर हे त्यांतील एक. त्यांचा जन्म १९३२ साली आजच्या हिंगोली जिल्ह्यात झाला.  नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक होते. पुढे ते नांदेडच्याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. इतिहास, साहित्य, धर्म, राजकारण, संगीत अशा अनेक विषयांवर ते बोलत. त्यांची भाषणे ऐकायला गावोगावी लोक जमत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे व्यासपीठावर असतानाच त्यांचे निधन झाले. कुरुंदकरांच्या भाषणाची ताकद त्यांच्या मुद्देसूद मांडणीत होती. एक मुद्दा पूर्ण झाल्याशिवाय ते दुसऱ्याकडे वळत नसत. त्यामुळे अवघड विषयही श्रोत्यांना समजत असे.

यावरून वक्तृत्वाचे पहिले सूत्र ध्यानात घ्या. आधी मुद्दे ठरवा. शब्द नंतर येतात. पाच मिनिटांत तीन मुद्दे पुरे होतात. प्रत्येक मुद्द्याला एक उदाहरण द्या. दुसऱ्याने लिहून दिलेले भाषण पाठ केले, तर एक शब्द विसरताच सारी गाडी थांबते. स्वतःचे मुद्दे असले, तर एक शब्द विसरला तरी दुसरा सापडतो.

दुसरा प्रकार उत्स्फूर्त भाषणाचा. येथे विषय आधी सांगत नाहीत. टेबलावर चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात. तुम्ही एक चिठ्ठी उचलता, विचार करायला दोनतीन मिनिटे मिळतात आणि लगेच बोलावे लागते. या स्पर्धेचा प्रश्न असतो : 'तुला या क्षणी काय सुचते?'

समजा, तुमच्या चिठ्ठीवर 'दप्तर' एवढाच शब्द आहे. घाबरू नका. स्वतःला तीन प्रश्न विचारा : ही वस्तू काय आहे? तिचा माझ्याशी काय संबंध आहे? त्यातून मला काय म्हणायचे आहे? उर्दू जाणणाऱ्या मुलाला येथे एक गोष्ट चटकन सुचू शकते. 'दफ़्तर' हा मूळ फारसी शब्द. उर्दूत त्याचा अर्थ कचेरी. मराठीत त्याचा अर्थ मुलांची पुस्तकांची पिशवी. जुन्या कागदपत्रांच्या गठ्ठ्यांनाही मराठीत दप्तर म्हणतात. मग भाषणाची सुरुवात अशी करता येईल : 'माझ्या घरच्या भाषेत दफ़्तर म्हणजे वडिलांचे काम करण्याचे ठिकाण आणि माझ्या शाळेच्या गावात दप्तर म्हणजे माझ्या पाठीवरचे ओझे. या दप्तरापासून त्या दफ़्तरापर्यंत जाण्याचा रस्ता म्हणजेच शिक्षण.' पाहा, दोन भाषा येणे ही येथे अडचण ठरली नाही. उलट त्यामुळेच भाषणाला विषय मिळाला.

तिसरा प्रकार वादविवाद. उर्दूतील 'मुबाहिसा' तो हाच. एक ठराव मांडलेला असतो. काही स्पर्धक त्याच्या अनुकूल, म्हणजे बाजूने बोलतात. काही प्रतिकूल, म्हणजे विरोधात बोलतात. पुष्कळ ठिकाणी एका शाळेचे दोन विद्यार्थी मिळून एक संघ होतो. एकाने अनुकूल बाजू मांडायची, दुसऱ्याने प्रतिकूल. दोघांच्या गुणांची बेरीज करून फिरता करंडक देतात. या स्पर्धेचा प्रश्न सर्वांत अवघड आहे : 'समोरच्याचे म्हणणे तू नीट ऐकलेस का?'

लातूरचेच उदाहरण घेऊ. २०१६ साली लातूर शहरात पाण्याचा मोठा दुष्काळ पडला. शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. तेव्हा तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी लातूरला पोहोचली. तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या वेळी एक प्रश्न सर्वत्र चर्चिला गेला. त्याचा ठराव करू : 'दुष्काळी भागात उसाच्या लागवडीवर बंदी घालावी.'

अनुकूल बाजूचा वक्ता म्हणेल : 'ऊस शेतात बारा महिन्यांहून अधिक काळ उभा राहतो आणि त्याला सतत पाणी लागते. सोयाबीन पावसाच्या पाण्यावर तीन-साडेतीन महिन्यांत निघते. माणसांना प्यायला पाणी नसताना उसाला पाणी देणे योग्य नाही.' प्रतिकूल बाजूचा वक्ता म्हणेल : 'उसाचा भाव आधी ठरलेला असतो. कारखान्यावर हजारो कुटुंबांची पोटे भरतात. बंदी घातली, तर ती कुटुंबे काय करतील?' दोन्ही मुद्दे खरे आहेत. मग जिंकणार कोण?

जो समोरच्याच्या मुद्द्याला हात घालेल तो. अनुकूल बाजूचा वक्ता असे उत्तर देऊ शकतो : 'ऊस हमखास पैसा देतो, हे माझ्या मित्राचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु धरणच आटले, तर ऊसही वाळतो. मग तो पैसा हमखास कसा?' त्यावर प्रतिकूल बाजू म्हणू शकते : 'ठरावातील शब्द बंदी हा आहे. ठिबक सिंचनाने पाणी वाचत असेल, तर ठिबकाची सक्ती करा, बंदी कशासाठी?' याला खंडन म्हणतात. आवाज चढवणे, समोरच्याला हसणे, त्याच्या उच्चारांची चेष्टा करणे हे खंडन नव्हे. चांगला परीक्षक अशा गोष्टींना गुण देत नाही.

कधी कधी चिठ्ठी टाकून बाजू ठरते आणि आपल्याला न पटणारी बाजू आपल्या वाट्याला येते. काही मुलांना हा खोटेपणा वाटतो. तसा तो नाही. ज्याच्या वडिलांचा ऊस आहे त्या मुलाने अनुकूल बाजू मांडायची आणि ज्या मुलीने घागर घेऊन टँकरपुढे रांग लावली तिने प्रतिकूल बाजू मांडायची, असे झाले, तर दोघांनाही आधी न दिसलेले काहीतरी दिसते. स्पर्धा संपल्यावर आपले मत आपल्याजवळच असते. फक्त ते अधिक तपासलेले असते.

देशाचा कारभारही अशाच वादातून चालतो. लातूर जिल्ह्यातील चाकूरचे शिवराज पाटील १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्ष होते. सभागृहात कोणी केव्हा बोलायचे, किती वेळ बोलायचे, हे अध्यक्ष ठरवतात. सर्व सदस्य अध्यक्षांना उद्देशून बोलतात, एकमेकांना उद्देशून नव्हे. शाळेच्या वादविवादातही 'अध्यक्ष महाशय' अशी सुरुवात करतात. राग एकमेकांवर न जाता मुद्द्यावर राहावा, हा या पद्धतीचा एक फायदा आहे. काही शाळांत युवा संसदेची स्पर्धा होते. त्यात मुले मंत्री होतात, विरोधी पक्ष होतात, प्रश्नोत्तराचा तासही भरवतात.

इतर देशांतही अशा स्पर्धा आहेत. अमेरिकेत १८५८ साली अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस हे दोन उमेदवार इलिनॉय राज्यातील सात गावांत गुलामगिरीच्या प्रश्नावर समोरासमोर बोलले. त्या वादांची आठवण म्हणून तेथील शाळांत एकास एक अशा वादविवादाच्या एका प्रकाराला या दोघांचे नाव दिले आहे.

आतापर्यंतचे तीन प्रकार विचार मांडण्याचे होते. पुढचे प्रकार साहित्य सादर करण्याचे आहेत. त्यांत शब्द बहुधा दुसऱ्याचे असतात. आवाज आपला असतो.

कथाकथनाची स्पर्धा विचारते : 'ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहिले का?' एखादी गोष्ट हातात कागद न घेता सांगायची असते. मराठीत शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या तीन लेखकांनी गावोगावी कथाकथन करून हा प्रकार लोकप्रिय केला. १९८५ साली नांदेडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा शंकर पाटीलच अध्यक्ष होते. कथाकथनात म्हातारा वेगळ्या आवाजात बोलतो, लहान मूल वेगळ्या आवाजात बोलते. पण सांगणारा जागेवरच असतो. उर्दूतील दास्तानगोई या कलेशी याचे जवळचे नाते आहे. दिल्लीचे प्रसिद्ध दास्तानगो मीर बाक़र अली १९२८ साली वारले. त्यानंतर ही कला बरीच वर्षे मागे पडली होती. अलीकडच्या काळात ती पुन्हा सादर होऊ लागली आहे. तुमच्या घरी आजी किंवा नानी रंगवून गोष्ट सांगत असेल, तर या स्पर्धेचा पहिला धडा तुम्हांला घरीच मिळालेला आहे.

एकपात्री अभिनय हा कथाकथनाचा शेजारी. फरक एवढाच, की कथाकथनात गोष्ट 'सांगतात' आणि एकपात्रीत ती 'करून दाखवतात'. औरंगाबादचे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात एकट्याने ५२ भूमिका केल्या. खांद्यावरची शाल डोक्यावर घेतली, की पुरुषाची बाई होते, एवढे सोपे आणि एवढेच अवघड हे काम आहे.

काव्यवाचनाची स्पर्धा विचारते : 'कवितेचा अर्थ तुझ्या आवाजातून कळतो का?' उर्दू मुशायऱ्यात शायर दोन पद्धतींनी कलाम ऐकवतात. चालीवर म्हणणे म्हणजे तरन्नुम. नुसते वाचणे म्हणजे तहत. काव्यवाचन हे तहतसारखे असते. कोठे थांबायचे आणि कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, यातच सारे कौशल्य असते. उर्दू शाळांतील बैतबाज़ी तर तुम्हांला ठाऊकच आहे. एका संघाने म्हटलेला शेर ज्या अक्षराने संपतो, त्याच अक्षराने दुसऱ्या संघाने शेर सुरू करायचा. मराठी मुले गाण्यांच्या भेंड्या खेळतात, तोही याच धर्तीचा खेळ. बैतबाज़ीत ज्यांचे पाठांतर आणि हजरजबाबीपणा तयार झाला आहे, त्यांना काव्यवाचन आणि उत्स्फूर्त भाषण जड जात नाही.

आता सुरुवातीच्या भीतीकडे वळू : 'आपले मराठी चांगले नाही.' ही भीती घालवण्यासाठी नुसता धीर देऊन चालणार नाही. कोठे अडते, ते पाहिले पाहिजे.

पहिली अडचण 'ळ' या अक्षराची. उर्दूत हा आवाज नाही. 'काल' आणि 'काळ', 'वेल' आणि 'वेळ', 'मूल' आणि 'मूळ' या जोड्या मोठ्याने म्हणून पाहा. 'माझी वेल संपली' असे कोणी म्हटले, तर श्रोत्यांना बागेतली वेल आठवेल! रोज दहा मिनिटे सराव केला, तर हा आवाज जिभेवर बसतो. उलट 'जमीन', 'बाजू', 'आवाज' या शब्दांतील 'ज' तुमच्या 'ज़'च्या जवळचा आहे. तो तुम्हांला नव्याने शिकावा लागत नाही.

दुसरी अडचण लिंगाची. उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. 'मेरी किताब' म्हणण्याची सवय असल्यामुळे 'माझी पुस्तक' असे तोंडून निघते. मराठीत ते 'माझे पुस्तक' आहे. भाषणात तर 'माझे मत', 'माझे म्हणणे', 'माझे उत्तर' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. म्हणून एवढे तरी पक्के करा.

तिसरी अडचण ओळखीच्या शब्दांची आहे. वादविवादात लागणारे कितीतरी मराठी शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत : मुद्दा, बाजू, सवाल, दाखला, तपशील, कबूल, जाहीर. ते ऐकून तुम्हांला घरच्यासारखे वाटेल. परंतु काही शब्दांनी मराठीत येताना अर्थ बदलला आहे. उर्दूत 'ख़ुलासा' म्हणजे सारांश. मराठीत 'खुलासा' म्हणजे स्पष्टीकरण. उर्दूत 'तकरार' म्हणजे भांडण. मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे, शिकायत. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल. मराठीत 'हरकत' म्हणजे आक्षेप. 'राज़ीनामा' उर्दूत समझोत्याचा कागद आहे, तर मराठीत राजीनामा दिला, की नोकरी सुटते. आणि 'शिक्षा' हा शब्द तर जपूनच वापरा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे सज़ा. 'आम्ही शाळेत रोज शिक्षा घेतो,' असे भाषणात म्हटले, तर परीक्षकांना तुमच्या गुरुजींची काळजी वाटेल!

या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या मोजता येतात आणि जे मोजता येते ते शिकता येते. बहुतेक स्पर्धांत गुण विषयाची मांडणी, भाषा, उच्चार, हावभाव आणि वेळेचे भान यांत वाटलेले असतात. उच्चार हा त्यांतील एक भाग आहे, सगळे गुण नव्हेत. मांडणी चांगली असेल, तर दोन उच्चार चुकल्याने सारे भाषण वाया जात नाही.

आपल्या प्रदेशात या दोन भाषा फार काळ शेजारी राहिल्या आहेत. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उर्दू ही सरकारी भाषा होती आणि बहुसंख्य लोकांची घरची भाषा मराठी होती. लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे जन्मलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी उर्दू आणि फारसी उत्तम जाणत. फारसी साधनांतील कितीतरी इतिहास त्यांनी मराठीत आणला. लातूरचे कवी फ. म. शहाजिंदे यांनी मराठीत कविता लिहिली. औरंगाबादच्या विद्यापीठात मराठी शिकवणारे डॉ. यू. म. पठाण हे संतसाहित्याचे थोर अभ्यासक. १९९० साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. म्हणजे मराठीच्या मोठ्या व्यासपीठावर जाण्याची वाट तुमच्या आधी इतरांनी चालून ठेवली आहे.

शाळेनंतरही या स्पर्धा सुटत नाहीत. नांदेडला विष्णुपुरी येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत वक्तृत्व, वादविवाद, प्रश्नमंजूषा, एकांकिका, मूकाभिनय अशा स्पर्धा असतात. आणि जेथे करंडक नसतो, तेथेही बोलावे लागते. उद्या ग्रामसभेत नळाच्या पाण्याचा प्रश्न मांडायचा असेल, तहसील कार्यालयात आपले काम सांगायचे असेल, नोकरीच्या मुलाखतीत उत्तर द्यायचे असेल, तर ते मुद्देसूद मराठीत सांगता आले पाहिजे. जो बोलत नाही त्याच्या वतीने दुसरा कोणी बोलतो आणि तो आपल्या मनातलेच बोलेल असे नाही.

म्हणून आता एवढे करा. गोष्ट सांगायला आवडत असेल, तर कथाकथनात नाव द्या. शेर पाठ असतील, तर काव्यवाचनापासून सुरुवात करा. चटकन सुचत असेल, तर चिठ्ठी उचला. एखादा प्रश्न मनात सलत असेल, तर वक्तृत्वाकडे जा. आणि दुसऱ्याचे शांतपणे ऐकण्याची सवय असेल, तर वादविवाद तुमची वाट पाहत आहे. आधी वर्गात चार मित्रांपुढे बोला. चुकलेले शब्द वहीत लिहून ठेवा आणि मराठीच्या शिक्षकांना विचारा. पुढच्या वेळी सूचनाफलकावर कागद लागेल, तेव्हा तो शेवटपर्यंत वाचा आणि आपले नाव द्या.